चमेलीने पुढे केलेला हात

जबलपूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी भेडाघाटाचं विचारतात. संगमरवरी कड्यांमधून नाव नेतात ना? धुवांधार धबधबा पाहिला का? पाहिला. शेवटच्या दिवशी, घाईघाईत, अंगावर तुषार घेत पाहिला, आणि तो खरोखर पाहण्यासारखा आहे. पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते एका माकडिणीच्या बाळंतपणाबद्दल. जबलपुरातला माझा बहुतेक वेळ तिच्या पिंजऱ्यासमोर एका पालथ्या बादलीवर बसून गेला, आणि याहून चांगली सुट्टी मी घेतलेली नाही.

मी सांगलीत एका रुग्णालयाचं भांडार सांभाळते. हातमोजे, सलाइन, चादरी, टाके घालायचा दोरा, सगळं माझ्या हाताखालून जातं. काय संपत आलंय हे संपायच्या आधी कळलं पाहिजे, ही माझी नोकरी आणि आता स्वभावही. त्यामुळे मावसबहीण वृंदा हिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा पाहायच्या जागांची यादी मी दोन महिने आधीच करून ठेवली होती. त्या यादीत माकड नव्हतं.

ओमती

मावशीचं घर ओमती भागात, एका मागच्या गल्लीत आहे. मावशी अमरावतीची, लग्न होऊन इथे आली. उंबऱ्याच्या आत तिचं वऱ्हाडी, बाहेर हिंदी. वृंदा जन्मली-वाढली इथेच. तिच्या एका वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. ती पशुवैद्य आहे. शहराबाहेर, कुंडमच्या रस्त्याला, जखमी आणि सोडवून आणलेल्या वन्यप्राण्यांचं एक केंद्र आहे, तिथल्या माकडांची जबाबदारी तिच्याकडे.

पहिल्या रात्री जेवायला गोळाभात होता. आमच्याकडे भातात असे डाळीचे गोळे नसतात. वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतलं की खाणारा बोलायचा थांबतो. मीही थांबले. मग हात धुऊन यादी काढली. वृंदा ती वाचून हसली.

"अच्छा यादी आहे ताई, पण ठेवून दे. माझी चमेली आज-उद्यात बाळंत होऊन राहिली. मी कुठेच नाही जाऊ शकत."

मला वाटलं, शेजारची कुणी असेल. मी लगेच विचारलं की नाव कुठल्या दवाखान्यात घातलंय. मावशी पोळ्या झाकताझाकता म्हणाली, "घे. सांगलीहून बंदरियाच्या बाळंतपणाला आली ही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तिला रजा नव्हती."

रजा खरंच नव्हती.

चबुतरा

सकाळी पोहे-जिलबी खाऊन वृंदाच्या स्कूटरवर निघालो. सांगलीत पोह्यांबरोबर जिलबी दिली तर लोक वाढणाऱ्याकडे पाहतील. इथे दिली नाही तर पाहतात. मार्च संपत आलेला, ऊन तापायला लागलेलं, आणि रस्त्याकडेला मोहाची फुलं टपटप पडत होती. खाली बायका ती टोपलीत वेचत होत्या. हवेला गोड, किंचित आंबूस वास होता.

केंद्रात शिरताच वृंदाने मला मास्क आणि हातमोजे दिले. आपला सर्दी-खोकला त्यांना होतो, त्यांचं काही आपल्याला. हातमोज्यांची प्रत मी बोटांनी तपासली. बरी होती.

चमेली एका वेगळ्या पिंजऱ्यात होती. आपल्याकडे गावोगाव दिसतं तेच लालतोंडी माकड, पोट मात्र टम्म. आम्हाला पाहिल्यावर ती दोन पायांवर उभी राहिली, जाळीपर्यंत चालत आली आणि उजवा हात कपाळाला लावून तिने सलाम केला.

मी हसले. वृंदा हसली नाही.

चमेली मदाऱ्याची. अगदी तान्ही असताना आईपासून काढलेली, माणसाच्या खांद्यावर वाढलेली. सलाम करायचा, कोलांटी मारायची, सासरी जायचं नाटक करायचं आणि वाटीत जे पडेल ते नेऊन मालकाच्या हातात द्यायचं, एवढं तिला येत होतं. सुटून इथे आली तरी ते गेलं नाही. तिची देखभाल करणारे पटेल भैया जवळच्या पनागर गावचे. घरच्या शेतातला मटार ते तिच्यासाठी सुकवून ठेवतात. जमिनीलगतच्या छोट्या खिडकीतून त्यांनी मूठभर मटार आत सरकवला. चमेलीने तो उचलला आणि आधी त्यांच्याचपुढे धरला. पटेल भैयांनी मान हलवली. तिने पुन्हा धरला. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर मग तिने तोंडात टाकला.

"हर बार ऐसे ही करती है, दीदी," पटेल भैया मला म्हणाले. "अपना कुछ है ही नहीं उसके हिसाब से."

ती गाभण राहिली कशी, ही तिथली जुनी चेष्टा आहे आणि तिला पटेल भैया कारण आहेत. माकडांच्या मोठ्या आवारात मधोमध मारुतीचा एक चबुतरा आहे, केंद्राच्याही आधीचा. पटेल भैया दर मंगळवार-शनिवार त्याला तेल-शेंदूर लावतात. माकडं त्यावर बसतात. त्यामुळे आवारातल्या सगळ्यांचं बूड कायम केशरी. नवरात्रानंतर चमेलीच्या पिंजऱ्याची डागडुजी निघाली म्हणून तिला काही दिवस त्या आवारात ठेवलं होतं. तिचं तोंड आणि मागची कातडी लाल दिसायला लागली. माकडिणीचा ऋतू आला की ती अशीच लाल होते. आतल्या रक्ताची आणि हार्मोनची ती उघडी खूण असते. वृंदाने पाहिलं आणि ती म्हणाली, शेंदूर आहे. पटेल भैया म्हणाले, शेंदूर आहे. आवारातल्या थोराड नराला मात्र शेंदूर आणि ऋतू यांतला फरक कळत होता.

"डॉक्टरकी शिकली मी, ताई," वृंदा म्हणाली. "आणि हनुमानजीने मला फसवलं."

संक्रांतीला पोट दिसायला लागलं तेव्हा सोनोग्राफी केली. तोवर दिवस नक्की कधी भरतील ते सांगणं अवघड झालं होतं. माकडिणीचे दिवस साडेपाच महिन्यांच्या आसपास भरतात. महिन्याची पाळी आपल्यासारखी, जवळजवळ तेवढ्याच दिवसांची. हे ऐकून मी चमेलीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

मग वृंदाने खरी काळजी सांगितली. माकडिणीला आईपण आपोआप येतं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कळपातली मुलगी आईला, मावशीला, मोठ्या बहिणीला पोरं सांभाळताना पाहत वाढते. एकटी वाढलेली मादी पुष्कळदा पहिल्या बाळाला ओळखतच नाही. टाकून देते, उलटं धरते, कधी इजा करते. म्हणून गेले दोन महिने चमेलीचा पिंजरा आवाराला लागून ठेवला होता. पलीकडे कुबडी नावाची एक अनुभवी मादी तिच्या पिल्लासह असायची. चमेलीने तिला पाहावं आणि शिकावं. सरळ आवारात सोडता येत नव्हतं, कारण या जातीत वरचढ मादी नवखीचं बाळ हिसकावून घेते आणि परत देत नाही. तिला दूध नसतं, बाळ मरतं.

केंद्राच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं: जन्मलं की बाळ काढून घ्या, बाटलीवर वाढवा. जगेल तरी. वृंदाचं म्हणणं होतं, जगेल, पण तेही माणसांना सलाम करत जगेल. खूप भांडून तिने एक संधी मिळवली होती. बाळ झाल्यावर दुपारपर्यंत ते अंगावर प्यायलं तर ठीक. नाहीतर चमेलीला भूल देऊन बाळ काढायचं, आणि चमेली पुढे कायम माणसांकडेच पाहत एकटी राहणार.

मी विचारलं, दोन महिने पाहून चमेली काही शिकली का. वृंदा म्हणाली, "कुबडीला सलाम करते."

राणी

दुसऱ्या टोकाला राणी राहते. ती बबून, बंद पडलेल्या एका सर्कशीतून आलेली. आफ्रिकेतला प्राणी जबलपूरच्या उन्हात, कडुनिंबाखाली बसलेला. तिला मागून पाहिलं आणि मी दचकले. बुडाशी टोमॅटोसारखी लालभडक, ताणलेली सूज. मला गाठ वाटली. माझं मन लगेच कामाला लागलं: शस्त्रक्रिया, टाके, ड्रेसिंग.

वृंदा म्हणाली, शाळेची सहल आली की शिक्षक दर वेळी ऑफिसात तक्रार करतात की या जनावरावर उपचार करा. मग तिला पोरांसमोर काय सांगावं ते सुचत नाही.

ती सूज म्हणजे राणीचं पंचांग आहे. बीज पिकत जातं तशी ती फुगत जाते, बीज सुटायच्या सुमाराला सगळ्यांत मोठी होते, आणि मग थोड्या दिवसांत चपटी. जे आपल्या पोटात अंधारात घडतं, आणि जे कळायला आमच्या रुग्णालयात मशीन लागतं, ते ही बाई बाहेर लिहून फिरते. दिवस गेले तर आणखी पुढचं: बुडाच्या बाजूची काळसर कातडी हळूहळू गुलाबी, मग लाल होते. ज्याला वाचता येतं त्याने लांबून वाचावं.

राणीजवळ नर नाही. आता मिळणारही नाही. तरी ती सूज येते आणि जाते, कुणी वाचो न वाचो. मी बराच वेळ तिथे उभी होते. किती चोख काम, आणि तेही कुणासाठीच नाही.

"म्हातारी झाली," वृंदा म्हणाली. "मागच्या वर्षापासून तिचंही चुकायला लागलं."

तिच्या त्या 'ही'वर मी वळून पाहिलं. आदल्या रात्री माझ्या घामाचं आणि चुकणाऱ्या पाळीचं मी तिला सांगितलं होतं. दोघी हसलो. राणीने आमच्याकडे पाठ फिरवली, म्हणजे तिच्या दृष्टीने सगळं सांगून झालं.

कुंडमचा रस्ता

पुढचे दोन दिवस चमेली जशीच्या तशी. मी बादलीवर. रिकामं बसवेना म्हणून औषधांचं कपाट लावून दिलं. मावशीने डिंकाचे लाडू करून डबा पाठवला. वृंदाने चमेलीला एकही देऊ दिला नाही, ते पटेल भैयांनी आणि मी संपवले. परतताना वृंदाने मला खव्याची जिलबी खायला नेलं. काळपट, जाड, पाकाने जड. एकीतच मी हरले.

रविवारी सकाळी वृंदा म्हणाली, चलो, पटेल भैया थांबतात चमेलीजवळ, तुला वानरं दाखवते. कुंडमकडे बरंच आत गेलो. मोहाखाली काळतोंडी, लांब शेपटीची वानरं फुलं खात बसली होती. एका मादीच्या पोटाशी काळंकुट्ट पिल्लू, एक-दोन दिवसांचंच असावं. मी पाहत असतानाच दुसरीने ते तिच्याकडून घेतलं, हुंगलं आणि तिसरीच्या मांडीवर दिलं. तिसरीला ते नीट धरता येईना, तेव्हा चौथी आली. आई निवांत फुलं खात होती. बारशाला आमच्याकडे हेच चालतं. बाळ आईकडे सोडून सगळ्यांकडे असतं.

लालतोंडी असती तर तिने कुणाला बोट लावू दिलं नसतं. एकाच झाडावर बसणाऱ्या दोन जाती, आणि बाळ कुणाचं याबद्दल अशी टोकाची मतं. वृंदा हळूच म्हणाली, "चमेली वानर असती तर चार जणींनी शिकवलं असतं तिला."

आमच्या प्रसूती विभागात हेच होतं. पहिलटकरणीला बाळ छातीशी कसं धरायचं ते आई सांगते, नर्स सांगते, शेजारच्या खाटेवरची न विचारता सांगते. एकटीला सोडत नाही कुणी. मी इतकी वर्षं तो गोंधळ कपाळाला आठ्या घालून ऐकत आले होते.

हात मागे

माकडिणी बहुतेक रात्रीच बाळंत होतात. सोमवारी उजाडता उजाडता पटेल भैयांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कोपऱ्यात चमेली बसली होती, हातातोंडाला रक्त. तिने वार खाल्ली होती. वृंदाचा चेहरा मात्र उजळला.

"हे कुणी नाही शिकवलं तिला," ती म्हणाली. "चाटून साफ पण केलं."

बाळ मुठीएवढं, सुरकुतलेलं, एखाद्या फार म्हाताऱ्या माणसासारखं. ते चमेलीच्या मांडीवर होतं, पण उलटं. डोकं खाली, पाय वर. तोंड तिच्या गुडघ्याशी काहीतरी शोधत होतं आणि तिथे दूध नव्हतं. चमेली त्याच्याकडे पाहत होती, आपल्याला एखादी अनोळखी वस्तू कुणी सांभाळायला देऊन गेल्यावर पाहावं तशी. ते किंचाळलं की ती त्याला उचलून पुन्हा तसंच उलटं ठेवायची. जाळीपलीकडे कुबडी आपल्या पिल्लाला पाजत बसली होती. चमेलीचं तिकडे लक्षही नव्हतं.

ऊन वर आलं. बाळाचा आवाज बारीक व्हायला लागला. मोठे साहेब येऊन पाहून गेले. भुलीचं औषध भरून ठेवायला सांगून गेले. वृंदाने भरून ठेवलं. माझे हात शिवशिवत होते. दोन बोटांचं काम होतं. फक्त ते डोकं वर करायचं होतं.

मग चमेली उठली. बाळाला कमरेत धरून, तीन पायांवर चालत ती जमिनीलगतच्या खिडकीपाशी आली. पटेल भैया पलीकडे उकिडवे बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली आणि हात लांब करून तिने बाळ त्यांच्यापुढे धरलं.

मटार धरायची तसं. वाटी धरायची तसं. माझ्या हाती जे आलं ते तुमचं.

पटेल भैयांचे हात आपसूक पुढे गेले. कुणाचेही गेले असते. बाळ त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं. घेतलं असतं तर भूल लागली नसती, कुणी चूकही म्हटलं नसतं. मीसुद्धा बादलीवरून उठले होते.

"हाथ पीछे, भैया," वृंदा म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "ताई, तू पण. हात मागे घे."

पटेल भैयांनी हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा मनगटाशी धरून ठेवला. मान हलवली, रोजच्यासारखी. नको. चमेलीने बाळ आणखी पुढे केलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही. "तेरा है, बिटिया," ते म्हणाले. "रख ले. तेरा ही है."

तिला ते समजलं असं मी म्हणणार नाही. ती तशीच बसून राहिली, हात खिडकीकडे उतरता, त्याच्या टोकाला बाळ. आणि मग ज्याच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं त्याने काम हाती घेतलं.

बाळाने तिच्या मनगटावरचे केस धरले. एक मूठ, मग दुसरी. त्या मुठी माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या असतील. त्याने स्वतःला ओढलं, थांबून धापा टाकल्या, पुन्हा ओढलं. चढाच्या दिशेने. वृंदा कुजबुजली की नवजात माकड चढाकडेच जातं, कारण चढाच्या टोकाला छाती असते. कोपरापाशी ते घसरलं. एका हातावर लटकलं. चमेलीने दुसऱ्या हाताने काही केलं नाही, पण पहिला हातही हलवला नाही. ते दंडावर आलं. तिथून खांद्याच्या खोबणीत. तोंड केसांत घुसळत, डावीकडे, उजवीकडे, जणू त्या अंगाचा नकाशा ते पोटातूनच पाठ करून आलं होतं. दोन महिने आईला कुबडी दाखवली होती. ज्याने काहीच पाहिलं नव्हतं त्याला सगळं ठाऊक होतं.

मग ते गप्प झालं. मी घाबरले. वृंदाने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "पिऊन राहिलं, ताई."

चमेली दचकली. छातीकडे वाकून पाहिलं. ओठ चाटल्यासारखे हलवत तिने एक बारीक आवाज केला, जो वृंदाने तिच्याकडून याआधी कधी ऐकला नव्हता. पुढे केलेला हात अजून रिकामाच खिडकीशी होता. तिने तो हळूहळू मागे घेतला, काय करावं ते न कळल्यासारखा थोडा वेळ हवेत ठेवला, आणि मग बाळाच्या पाठीवर टेकवला. डोकं वर होतं.

नंतर पटेल भैयांनी तोंड धुतलं आणि मूठभर मटार आणून खिडकीतून आत ठेवला. चमेलीने डाव्या हाताने एक दाणा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. मग दुसरा.

दुपारी मोठे साहेब आले. चमेली दुरून त्यांना पाहत होती, आम्हा सगळ्यांना पाहत होती. पण ती उठून उभी राहिली नाही. ज्या हाताने ती सलाम करायची तो रिकामा नव्हता.